थेंबाचा दिवस

कोल्हापूर,
शनिवार, ११ जानेवारी २०२५

अक्का,

इतकी वर्षं पत्र नाही, फोन नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. बोलणं तू टाकलंस हे खरं, पण मला ते सोयीचं पडलं हेही खरं. फोन केला तर आवाज ऐकून तू ठेवून देशील. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र.

कारण क्रांती. तुझी मुलगी आमच्या नेत्र रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाली, हे मला प्रवेशाच्या यादीवरून कळलं. त्यात माझा काडीचा हात नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हेही लिहून ठेवते. जयसिंगपुरात तुझ्या घरी, जेवणाच्या पंक्तीत, दाजींच्या सगळ्या पाहुण्यांसमोर मी जे बोलले होते ते तू विसरली नाहीस, आणि मीही मागे घेतलेलं नाही. मुलगी हुशार आहे. पण वाक्य पुरं करायला तिला जो वेळ लागतो, तेवढा वेळ पेशंट थांबत नाही.

आज नव्या डॉक्टरांचं स्वागत झालं. तू आईबाप म्हणून आली नाहीस ते बरं केलंस. मला तरी तुझ्याकडे बघत ते सगळं पार पाडता आलं नसतं.

आमच्याकडे एक जुना रिवाज आहे, संस्थापक डॉ. अण्णासोंनी घातलेला. आम्ही त्याला थेंबाचा दिवस म्हणतो. नव्या डॉक्टरच्या डोळ्यांत पहिल्याच दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब सोडायचे आणि त्याला बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसवायचं. उजेड टोचतो, जवळचं अक्षर पुसलं जातं, हातातली नाणी ओळखू येत नाहीत. संध्याकाळपर्यंत उतरतं. अण्णासो म्हणायचे, ज्याला हे बाक माहीत नाही त्यानं पेशंटला 'जरा थांबा' म्हणू नये. मी त्या बाकावर बसले होते तेव्हा शेजारी आजऱ्याची एक म्हातारी होती. तिनं माझ्या तळहातावर काजू ठेवले आणि ते काय आहेत तेही सांगितलं, कारण मला दिसत नव्हते. भाषण नाही, फोटो नाही. एक नर्स, एक बाटली, एक बाक.

आता आमचे संचालक आहेत डॉ. धैर्यशील. त्यांना रिवाज पुरत नाही, सोहळा लागतो. सभागृहाच्या दारात हलगी, नव्या डॉक्टरांना भाड्याचे फेटे, व्यासपीठावर भिंतभर फ्लेक्स. फ्लेक्सवर एक भला मोठा डोळा आणि बुबुळाच्या मधोमध अध्यक्ष गणपतरावांचा फोटो. डोळ्यात कचरा गेला की साधारण असंच दिसतं. गणपतरावांचा धंदा दुधाच्या टँकरांचा. रुग्णालयाला त्यांनी पैसा दिला हे मान्य आहे, पण तेवढ्यावर ते रेटिनावर बोलले आणि बराच वेळ बोलले.

नवीन मुलं कशी आहेत म्हणशील तर फेटा बांधल्यावर जशी असतात तशी. निवासी डॉक्टर मान तिरकी करून एकमेकांचे फोटो काढत होते. फेलो म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर होऊनच आलेले, एखाद्या शाखेत हात बसवायला आलेले. ते मागच्या रांगेत असे बसले होते जणू लग्नात वराकडचे. एकीनं मला विचारलं, मॅडम, थेंब सोडले तर संध्याकाळचा जिमचा वेळ चुकेल का. 

माझ्याकडे या मुलांच्या शिक्षणाचं काम आहे, म्हणून मीही बोलले. थोडकंच. एकच नियम सांगितला. थेंब सोडण्याआधी बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचायचं, पेशंटला ऐकू जाईल असं. तोंडातल्या तोंडात नाही, मनातल्या मनात नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानंही काही ऐकलं नव्हतं, हे मला त्या टाळ्यांवरूनच कळलं.

मग थेंब. यंदा ते नर्सनं सोडायचे नव्हते. फेटा सावरत गणपतराव उठले. "मी बी जरा डॉक्टरकी करतो की आज," असं म्हणाले आणि सभागृह हसलं. संचालक सगळ्यांत आधी हसले. कार्यक्रमाचं कंत्राट घेतलेला ऋतुराज नावाचा तरुण कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसला. एकेकाला खुर्चीत बसवून अध्यक्षांनी थेंब सोडले. "बघा वर, पावणं." प्रत्येकाला हेच वाक्य, आणि प्रत्येक वेळी संचालकांचं तेच हसू.

क्रांती पहिली होती. जरा अडखळली. बाकी सगळं नीट झालं. काळजी करू नकोस.

रोजनिशीच्या शेवटी उद्याचं एक काम लिहायची माझी सवय अजून आहे. तू तिला हसायचीस. आजच्या पानावर लिहिलं आहे, पत्र पोस्टात टाकणे.

पवित्रा


कोल्हापूर,
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

अक्का,

आज संक्रांत. सकाळपासून जो तो तिळगूळ हातावर ठेवून गोड बोलायला सांगतो आहे. रुग्णालयात आज गोड बोलणारी माणसं इतकी झाली आहेत की तिळगुळाची गरजच उरलेली नाही.

शनिवारचे थेंब उतरलेच नाहीत. रविवारी सकाळी मुलं वसतिगृहातून खाली आली ती गॉगल लावून. सोमवारच्या ओपीडीत गॉगल घातलेले डोळ्यांचे डॉक्टर बघून पेशंटांची करमणूक झाली. शिरोळकडचे एक काका मोठ्यानं म्हणाले, "काय डॉक्टर, तुमचंच डोळं आलं व्हय? बसा की मग आमच्यात." त्यांना हसावं की रागवावं हे आमच्या फेलोंना कळेना. ज्यांना लांबचा चष्मा आहे त्यांनी चष्मा काढून मोबाईल नाकाशी धरायची युक्ती शोधली आणि आपल्याला काही झालंच नाही अशा थाटात फिरू लागले. ज्यांना चष्मा नाही त्यांना पुस्तकाची ओळही दिसत नाही. क्रांतीला चष्मा नाही.

झालं काय, तर ऋतुराजला फोटोसाठी गुलाबी कापड घातलेला ट्रे हवा होता. तसा ट्रे लहान मुलांच्या विभागात असतो. तिथून त्यानं तो उचलून आणला, बाटलीसकट. बाहुली मोठी करणाऱ्या सगळ्याच बाटल्यांची टोपणं लाल असतात. नेहमीची असती तर संध्याकाळी उतरली असती. ही होती ॲट्रोपिन. लहान मुलांचा नंबर काढायला वापरतात, आठवडा दोन आठवडे डोळा धरून ठेवते. डोळ्याला कायमची इजा नाही, हे तुला आधी सांगायला हवं होतं. घाबरू नकोस. आपोआप उतरेल.

म्हणजे दुधाच्या टँकरवाल्या माणसानं भर सभेत, डोळ्यांच्या डॉक्टरांनी भरलेल्या सभागृहात, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत चुकीचं औषध घातलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी हे वाक्य रोजनिशीत लिहिलं तेव्हा मला बरं वाटलं, एवढंच खरं समाधान या चार दिवसांतलं.

पण चूक अध्यक्षांची कशी असेल? काल संचालकांच्या खोलीत मी तसं म्हणाले. धैर्यशील पेन टेबलावर वाजवत राहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, अध्यक्षांवर ठपका ठेवायचा तर पुढच्या वर्षी तुम्ही आणि मी दोघं जोतिबाला नारळाचं दुकान टाकू." ऋतुराज अध्यक्षांच्या मेहुण्याचा मुलगा आहे. तोही सुटला. मग उरलं कोण?

उरली क्रांती. तिनं खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं की तिला बाटलीवरचं नाव दिसलं होतं. मैत्रिणीनं ते दुसरीला सांगितलं, आणि गोड बोलणाऱ्या कुणीतरी संचालकांच्या दारापर्यंत पोचवलं. आता तिला नोटीस आहे. औषध ओळखूनही गप्प राहिली, सहकाऱ्यांच्या डोळ्यांना धोका होऊ दिला, कर्तव्यात कसूर. सोमवारी समिती बसेल. दोषी ठरली तर वर्षभर पेशंटला हात लावायचा नाही आणि अहवाल विद्यापीठाकडे. जागा गेली असं कुणी म्हणणार नाही, पण असा अहवाल घेऊन पुढे कुठं जायचं, हे तूच सांग.

तिनं तुला हे कळवलेलं नसणार. म्हणून मी कळवते आहे.

तिचं म्हणणं एका ओळीचं आहे, आणि तेही दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. 'मी बोलले होते.' कुणापाशी बोलली ते लिहिलेलं नाही. समितीत मी आहे. तिघांतली एक.

मागच्या पत्रात 'जरा अडखळली' असं लिहिलं होतं. ते खोटं नाही, पण पुरं खरंही नाही. हलगी वाजत होती, गोंधळ होता. बाटली जवळ आली तेव्हा ती काहीतरी म्हणायला लागली होती हे मला आठवतं. काय, ते नक्की आठवत नाही. आठवत नाही की आठवायचं नाही, याचा निवाडा आज होईल असं वाटत नाही.

तिळगूळ पाठवत नाही. पाठवला असता तर तू शेजारणीला दिला असतास.

पवित्रा


कोल्हापूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

अक्का,

काल तुझा निरोप आला. इतक्या वर्षांनी तुझं पहिलं वाक्य, तेही मोबाईलवर, नाव नाही, गाव नाही. 'रीलमधला हात आईच्या पाटलीचा आहे.'

आहे. दुसरी पाटली तुझ्या हातात आहे, तुला ओळखायला वेळ लागणार नव्हता. ऑपरेशन थिएटरात मी हातात काही घालत नाही. त्या दिवशी सोहळा होता म्हणून घातली होती. सोहळ्याला नावं ठेवत पाटली घातली, हे नोंदवून ठेव.

रुग्णालयाच्या पानावर ती रील अजून आहे. वरून गाणं घातलंय. अध्यक्ष, बाटली, फेटेवाली मुलगी, तिचे ओठ हलतात, आणि कडेनं एक हात येतो. हनुवटीखाली बोटं घालून तिचं तोंड वर करतो. खाली लोकांनी बदाम टाकले आहेत. कुणीतरी लिहिलंय, मॅडमची माया बघा.

मी शुक्रवारी क्रांतीला माझ्या खोलीत बोलावलं होतं, तुझ्या निरोपाच्या आदल्या दिवशी. तुझ्यामुळे बोलावलं असं तुला वाटू नये म्हणून सांगते. अर्थात मोठेपणानंही बोलावलं नव्हतं. ती समितीपुढे माझं नाव घेणार आहे का, हे मला काढून घ्यायचं होतं.

ती गॉगल लावूनच आली. बस म्हटल्यावर बसली. मावशी म्हणाली नाही, मॅडम म्हणाली. मी विचारलं, नोटीस वाचलीस का? तिनं मान हलवली, नाही. मैत्रिणीनं वाचून दाखवली होती, तिला स्वतःला अक्षर दिसत नव्हतं. माझा वाचायचा चष्मा टेबलावर होता. या वयात तो लागतोच. मी तो तिच्यापुढे सरकवला. तिनं गॉगल काढून तो घातला, कागद हात लांब करून धरला आणि वाचायला लागली. मोठ्यानं.

अक्का, तिनं ती नोटीस सगळी वाचली. जावक क्रमांकापासून खालच्या सहीपर्यंत. 'कर्तव्यात' या शब्दाशी थांबली, तो पुन्हा धरला, पुन्हा थांबली, पण सोडला नाही. मी दोनदा तिच्या मदतीला पुढचा शब्द सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिनं हात वर केला, रहदारी थांबवतात तसा. लहानपणापासून तिच्या तोंडचे शब्द आपणच पुरे करत आलो, तूसुद्धा. एवढा वेळ गप्प बसून मी तिचं कधी काही ऐकलं नव्हतं. बाहेर पेशंट खोळंबले होते. कुणीही मेलं नाही.

वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली. मी विचारलं, "कुणापाशी बोललीस ते का लिहिलं नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थ… थांबलेय."

मी म्हणाले, मी तसं सगळं ऐकलं असेलच असं नाही, गोंधळ होता, आणि समितीत असल्यामुळे माझीही काही अडचण आहे. असलं बरंच बोलले. भरभर बोलले. मला बोलायला कधीच अडचण येत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून, पुसून, होता तिथं ठेवला.

"मला बोलायला वेळ लागतो, मॅडम," ती म्हणाली. "तुम्हाला क… कशाला लागतोय?"

आणि गेली.

त्या रात्री रोजनिशीत मी तिला उद्धट लिहिलं. सकाळी उठून तो शब्द खोडला. खोडला तो चुकीचा होता म्हणून, की पुढे कुणी वाचेल म्हणून, ते मला ठरवता आलं नाही.

काल तुझा निरोप वाचल्यावर ऋतुराजला फोन केला. रीलच्या आधीचं मूळ चित्रण आहे का, विचारलं. तो म्हणाला, "हाय की मॅडम. पर त्यात निस्ता गलका हाय, गाणं न्हाय. ते कशाला बघताय?" राजारामपुरीत त्याचं ऑफिस आहे. तिथं त्याच्या लॅपटॉपवर पाहिलं. तो शेजारी बसून मिसळ खात होता. एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही की आपण काय दाखवतो आहोत. मला त्याची कीव करायची होती, पण तेवढी सवड मिळाली नाही.

हलगी तेव्हा थांबलेली होती. मी तुला वाजत होती असं लिहिलं. थांबलेली होती. सगळं ऐकू येतं.

गणपतराव बाटली घेऊन वाकतात. क्रांती बाटलीकडे बघते, मान वळवून माझ्याकडे बघते. म्हणते, "मॅडम, ही बा… बाटली. ही ॲ… ॲट्…" आणि तेवढ्यात माझा आवाज येतो. स्वच्छ, वर्गात शिकवतात तसा. "बास, क्रांती. साहेब थांबलेत. वर बघ." मग हात येतो.

माझ्या भाषणाच्या टाळ्यांबद्दल मी तुला काय लिहिलं होतं? एकानंही ऐकलं नाही. एकीनं ऐकलं होतं. बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचायचं, हे तिनं तिथल्या तिथं करायला घेतलं. आणि जिनं नियम सांगितला तिनंच तिचं तोंड बंद केलं, कारण वाचणारीला वेळ लागत होता.

मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. 'बाटली' हा शब्द ऐकल्यावर कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरची नजर आपोआप बाटलीवर जायला हवी. इतक्या वर्षांच्या कामानंतर ती विचार न करता जाते. माझी गेली नाही. चित्रात दिसतं, मी बाटलीकडे पाहत नाही, क्रांतीकडेही नाही. मी कॅमेऱ्याकडे पाहते आहे. आणि हसते आहे. धैर्यशील हसतात ना, तसंच.

फ्लेक्सवरच्या कचऱ्याबद्दल फार लिहिलं मी तुला.

आज दुपारी संचालकांचा फोन आला. गोड बोलले. म्हणाले, "उद्या फक्त 'मला ऐकू आलं नाही' एवढं म्हणा, पवित्रा मॅडम. ते खोटं कसं ठरणार? पोरगी तुमची पाहुणी लागते असंही कानावर आलंय. नात्यासाठी बाजू घेतली असं व्हायला नको." उन्हाळ्यात ते निवृत्त होतात आणि जागेसाठी माझं नाव आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी 'बरं' म्हणाले. हे 'बरं' कशाला होतं, असं विचारशील तर फोन ठेवण्यासाठी. पण त्यांनी ते होकार म्हणून घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

ऋतुराजकडून ते चित्रण पेनड्राइव्हवर घेतलं आहे. समितीच्या खोलीत पडदा आहे. अहवालाला जोड म्हणून रील दाखवायची असं संचालकांनीच ठरवलंय, त्यांना ती आवडते. मी तोंडी काही सांगायला लागले तर काय होईल ते मला माहीत आहे. मी चांगलं बोलते. अर्ध्या वाक्यात 'गोंधळ' म्हणेन, पुढच्या वाक्यात 'माझीही काही जबाबदारी' म्हणेन, आणि चहा येईपर्यंत ती जबाबदारी सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येऊन कुणाच्याच अंगाला लागणार नाही. म्हणून बोलायचं नाही असं ठरवलं आहे. निदान तिचं बोलून होईपर्यंत नाही.

यानं तू माझ्याशी बोलशील असं नाही. पंक्तीत म्हणाले होते ते मात्र मागे घेते. पेशंट थांबतो. घाई मला असते. क्रांतीला हे पत्र दाखव किंवा नको दाखवूस. तिला अजून दोनचार दिवस चष्म्याशिवाय वाचता येणार नाही, तरी दाखवलंस तर तिलाच मोठ्यानं वाचू दे आणि मध्ये शब्द पुरवू नकोस.

उद्याचं काम, रोजनिशीत लिहिलं आहे तेच इथे उतरवते:

समितीत रील नको, मूळ चित्रण लावणे, आवाजासकट.

पवित्रा